टप्पा उजवीकडे का जातो?

पनवेल,
८ जुलै १९९०

ती. बळीराममामांस,

दिपाचा नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण सुकट पावसात भिजू नये म्हणून आईने ओटीभर पसरलीय, त्यामुळे उभ्यानेच घ्या.

तुम्ही विचारलंत, हरेशदादा हल्ली करतो काय. तर तुमचा भाचा कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा गार्ड झालाय. गार्ड म्हणजे आमच्या बाबांसारखा कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामावर दंडुका घेऊन बसणारा नव्हे. पाच जणांतला जो बॉल आपटत पुढे आणतो आणि कोणाला द्यायचा ते ठरवतो, तो गार्ड. लग्नातल्या वाढप्यासारखं काम. सगळ्यांच्या पानावर नजर ठेवायची आणि आपण शेवटी जेवायचं. बाकीचे चार ताडमाड आणि दादा पाच फूट सहा इंच. अकरावीत असताना तो नुसता बघायला उभा होता. बॉल बाहेर आला, याने न बघता परत टाकला, तो नेमका धर्मराज सरांच्या हातात. सर आमचे खेळाचे शिक्षक. त्यांनी विचारलं, नाव काय रे तुझं? झालं, तेव्हापासून तो त्यांच्या तावडीत आहे.

आमचं मैदान मातीचं आहे, पण तसं मैदान सबंध जिल्ह्यात नाही. दुसऱ्या कॉलेजांच्या मैदानात जुलैत बेडूक पोहतात, आमचं तासाभरात कोरडं. रिंग मात्र एकच आहे. दुसरीचा खांब दोन वर्षं 'येतोय'.

आता कोडं ऐका. घरच्या मैदानावर दादाचा बॉल म्हणजे सुईत दोरा. पण बाहेरगावी गेला की तोच हात, तोच बॉल आणि पास भलतीकडे. ठाण्याच्या सामन्यात त्याने सतरा वेळा बॉल घालवला. लोक हसले, मामा. सर म्हणतात दडपण. आई म्हणते नजर लागलीय, तिने मीठ-मिरच्या ओवाळूनही झाल्या. बाबा म्हणतात, घरात वाघ, बाहेर शेळी.

आणि वेळ थोडा आहे. आमचं मिठागर सरकारी संपादनात गेलं त्याचा दाखला आता कामी येतोय. न्हावा शेवाच्या बंदरात घरटी एकाला नोकरी, एकच नाव, तेही पंधरा डिसेंबरपर्यंत द्यायचं. नाव चढलं की जानेवारीत ट्रेनिंग, मग कॉलेज बंद आणि खेळही बंद. विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहे अकरा डिसेंबरला, मुंबईत. बाबांनी सांगितलंय, तोपर्यंत काय ते दाखव, नाहीतर मुकाट बंदरावर जायचं. दादाला खेळायचंय. इतकं मनापासून त्याने काहीच मागितलेलं नाही.

तुम्ही कालव्याच्या मोजणीवर असता, डोकं लढवता. सांगा बघू, असं का होत असेल?

तुमची,
दिपा


कालवा कॅम्प, जि. भंडारा,
१७ जुलै १९९०

चि. दिपास,

मामाचा आशीर्वाद, आणि तुझ्या आईला, गोदूबायला सांग की सुकट वाळली की अर्धी इकडे पाठव. इथे मिळते ती खाण्यापेक्षा वास घेतलेली बरी.

पोरी, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या वेळी हुतूतू होता, त्यात चेंडूची भानगडच नव्हती. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि आमच्या ओव्हरसियर साहेबांनाही ऐकवलं. ते म्हणाले, घाबरत असेल. मला नाही पटत. घाबरलेल्या माणसाचं सगळंच बिघडतं. तुझा भाऊ सगळंच चुकतो की काहीतरी एकच चुकतो, हे आधी कळलं पाहिजे. आमच्यात असं आहे की कालव्याचं पाणी पुढे सरकलं नाही तर 'पाणी वाईट आहे' असं म्हणून चालत नाही. कुठे अडलं ते मोजणीची साखळी टाकून बघावं लागतं.

म्हणून माझे प्रश्न. बॉल दुसऱ्याला द्यायच्या किती तऱ्हा असतात? त्यातली कुठली चुकते? चुकतो तो दर वेळी वेगळीकडे जातो की एकाच बाजूला? किती जातो, बोटभर की हातभर? आणि तो पास देताना एकाच दिशेला तोंड करून शिकलाय का? तू म्हणतेस रिंग एकच आहे.

आणखी एक, माझ्या डोक्यातून जात नाही म्हणून. ते तासाभरात नाहीसं होणारं पाणी जातं कुठे?

वही घे आणि मोजून कळव. अंदाजपंचे नको.

तुझा मामा,
बळीराम


पनवेल,
२ सप्टेंबर १९९०

ती. मामांस,

उशीर झाला खरा, पण तुम्हीच मोजायला सांगितलंत आणि मोजायला बाहेरचा सामना हवा होता. तो परवा अलिबागला झाला. मुलींचा खो-खोचा संघ त्याच बसने जातो आणि मी त्यात राखीव, म्हणजे दिवसभर बाकावर. वही घेऊन बसले तर मुली म्हणाल्या, ही भावाच्या चुका लिहून ठेवते, वैरीण कुठली.

पास मुख्य दोन तऱ्हेचे. एक छातीपासून सरळ समोरच्याच्या हातात. दुसरा टप्पा, म्हणजे बॉल जमिनीवर एकदा आपटून समोरच्याकडे. उंच माणूस आडवा आला की टप्पा. दादा ठेंगणा, त्यामुळे त्याचा सगळा संसार टप्प्यावर चालतो.

अलिबागला सरळ पास एकतीस दिले, चुकले दोन. टप्पा एकोणीस, त्यातले चुकले अकरा. आणि मामा, अकरातले दहा उजवीकडे! चार-पाच बोटंच, पण तेवढ्याने समोरच्याच्या बोटाला लागून बॉल बाहेर जातो. सामना आम्ही हरलो. दादा पनवेल येईपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला.

तुमचं बरोबर आहे, सगळा सराव रिंगेकडे तोंड करून, म्हणजे उत्तरेकडे. दुसरीकडे तोंड करायला कारणच नाही.

पाणी कुठे जातं ते मी मुद्दाम पाहिलं. पश्चिमेला खाडीच्या अंगाला चर आहे, त्यात. बॉलही सुटला की तिकडेच पळतो. मुलं म्हणतात खाडीचा वारा नेतो. पण वारा तर खाडीकडून येतो ना? मग बॉल वाऱ्यावर उलटा कसा जातो? हे लिहिताना आत्ताच सुचलं.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. तो हल्ली सरावाला जातो, पण टप्पा टाकायचंच टाळतो. मला त्याची काळजी वाटते.

दिपा


कालवा कॅम्प,
१० सप्टेंबर १९९०

चि. दिपास,

शाबास! तुला कालव्यावर माझ्या जागी बसवायला हवं. इथली माणसं दुर्बीण लावून जेवढं बघत नाहीत तेवढं तू बाकावर बसून पाहिलंस.

मला वाटतं चोर सापडला, पण मुद्देमाल हाती आल्याशिवाय नाव घेणार नाही. आता सांगतो तसं कर. बांधकामावरच्या गवंड्याकडे पाण्याची नळी असते, पारदर्शक, लांबच लांब. ती पाण्याने भर. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस, त्या बुडबुड्यापायी आमचा एक पूल वाकडा होता होता राहिलाय. एक टोक मैदानाच्या पूर्वेच्या रेषेवर काठीला धर, दुसरं पश्चिमेच्या. पाणी दोन्हीकडे सारख्या पातळीवर उभं राहतं, त्याला फसवता येत नाही. मग दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोज. दोन्ही सारख्या आल्या तर मी गाढव.

सारख्या नाही आल्या, तर विचार कर. उताराच्या जमिनीवर टप्पा टाकला तर बॉल कुठे वळेल? उताराकडे. तीन वर्षं रोज तसा वळणारा बॉल नेमका हातात द्यायचा तर हात काय शिकेल? आणि तोच हात सपाट जमिनीवर गेला तर?

तू हुशार आहेस, म्हणून थांबतो. लगेच कळव, मला इथे झोप येत नाही.

आणि दाखल्यावर दादाचं नाव, ते ठीकच. तुझं काय चाललंय ते तू एका अक्षराने लिहीत नाहीस.

बळीराममामा


पनवेल,
४ ऑक्टोबर १९९०

ती. मामांस,

सव्वा फूट.

नळी मिळायलाच पंधरा दिवस गेले. खांदा कॉलनीत नवीन इमारती चालल्यात, तिथल्या गवंड्याला मी आणि माझी मैत्रीण प्राची दोघींनी पटवलं. तो म्हणाला, पोरींना कशाला हवी नळी, लग्नात मंडप टाकायचाय का? रविवारी दुपारी मैदानात कोणी नसताना मोजलं. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं. पन्नास फूट रुंदीत पूर्वेपेक्षा पश्चिम सव्वा फूट खाली आहे. आजूबाजूची जमीनही खाडीकडे उतरती, त्यामुळे डोळ्याला कळतच नाही.

म्हणजे दादा भित्रा नाही. त्याचा हात तर उलट इतका तयार आहे, की त्याने उतारसुद्धा पाठ केलाय!

मी नाचत घरी निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले. मामा, एक गोष्ट मी तुमच्यापासून पहिल्यापासून लपवली. ते मैदान बाबांनी केलंय.

मिठागर गेलं त्यानंतर बाबा वर्षभर नुसते बसून होते. मग धर्मराज सरांनी विचारलं, मैदानाची जमीन कोणाकडून करून घेऊ? बाबा म्हणाले, मी करतो. चार जुने सोबती घेतले, खाडीची माती आणली आणि मिठाचा वाफा तुडवतात तशी पंधरा दिवस पायांनी तुडवली, फळीने चोपली. मोबदल्यात चहासुद्धा घेतला नाही. तोंडाने म्हणतात, पोरांचे खेळ. पण येता-जाता सायकल थांबवून मैदानाकडे बघतात. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली होती. म्हणाले, तुझा मामा चेष्टा करल, दाजी मीठ सोडून खेळाच्या मातीत उतरलं म्हनून.

आता दादाला सांगावं तर बाबांना कळणार. न सांगावं तर दादा स्वतःलाच नालायक समजत राहणार. आठवडाभरात काहीतरी ठरवते. तोवर तुम्ही कोणाला काही लिहू नका, तुमच्या पाया पडते.

दिपा


कालवा कॅम्प,
५ ऑक्टोबर १९९०

ती. काशिरामदाजींस,

बळीरामचा नमस्कार. महिना झाला, दिपाचं पत्र नाही. पोरगी आजारी आहे की टपालवाला, कळत नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहितो. चाचणीला दोनच महिने उरलेत आणि मला राहवत नाही.

दाजी, तुमच्या हरेशमध्ये काही खोट नाही. खोट त्या कॉलेजच्या मैदानात आहे. तिथे पश्चिमेला उतार असणार, मी इथे बसून सांगतो, नळी लावून बघा. त्या उतारावर शिकल्यामुळे पोराचा हात सपाटीवर चुकतो. मैदान ज्या शहाण्याने केलं त्याला माझ्याकडे पाठवा. पाणी पळवायला तो बरा आहे, पण पोरांच्या खेळाला त्याने हात लावायला नको होता. ज्याने ही जमीन केली त्याने तुमच्या पोराची तीन वर्षं मातीत घातली.

तेव्हा दाखल्याची घाई करू नका. पोराला सपाट जागा शोधून द्या आणि मग बघा.

गोदूबायला नमस्कार. दिपाला म्हणावं, मामा रागावलाय.

तुमचा,
बळीराम


पनवेल,
१४ ऑक्टोबर १९९०

मामा,

नमस्कार लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

तुमचं पत्र अकरा तारखेला आलं. मी कॉलेजात होते. बाबांना अक्षर लागत नाही, म्हणून त्यांनी ते दादाकडे दिलं, 'तुज्या मामाचा हाय, वाच.' दादा मोठ्याने वाचत गेला. कोणाबद्दल आहे हे कळेपर्यंत वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. तो थांबला. बाबा म्हणाले, 'पुरा वाच.' त्याने पुरं वाचलं. तीन वर्षं मातीत घातली, तेही वाचलं. आई सांगते, नंतर कोणी जेवलं नाही.

दादा आधी हसला म्हणे. इतक्या दिवसांनी हसला. 'म्हंजे मी भित्रा नाय, आये,' एवढंच म्हणाला. मग त्याचं लक्ष बाबांच्या तोंडाकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घरात नव्हते. मी सायकल घेऊन मैदानावर गेले. बाबा पूर्वेच्या रेषेवर पालथे पडले होते, गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून. मी घाबरलेच. मला म्हणाले,

"हाय. उतार हाय."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला मुद्दाम थोडाच द्यायचा होता?"

"वाफ्याला उतार नाय दिला तं पानी मरतं, पोरी. चालीस वर्सं या पायांनी दुसरा कायच केला नाय. सर बोलले सपाट करा. मी सपाटच केला. माज्या पायांना ह्योच सपाट."

मग त्यांनी कुदळ आणायला सांगितली. तेवढ्यात दादा आला. त्याने हात धरला. म्हणाला, "आता नको. पाऊस पुरता गेला नाय, माती वाळायला म्हयना जाल. चाचनीपर्यंत मी दुसरीकरं बघतो." बाबा हात सोडवून घेऊन गेले. दोन दिवस ते नुसते गोदामावर जातात, येतात, भिंतीकडे तोंड करून झोपतात.

मी आधीच सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. तुमच्यावर रागावलेय, त्याहून जास्त माझ्यावर.

दिपा


कालवा कॅम्प,
२२ ऑक्टोबर १९९०

चि. दिपास,

तुझी दोन्ही पत्रं हातात धरून बसलोय. चार तारखेचं मला अकराला मिळालं, ज्या दिवशी माझं तिकडे वाचलं गेलं त्याच दिवशी. सहा दिवस कळ काढली असती तर! जन्मभर लोकांची जमीन मोजली आणि स्वतःची जीभ मोजता आली नाही.

पुढचं दाजींना तू वाचून दाखव. हरेशला वाचायला लावू नकोस.

दाजी, मी चुकलो. तुमची माफी मागतो. चेष्टेच्या भरात बोललो तेही कोणाला, तर ज्यांच्या ओटीवर बसून मी लहानाचा मोठा झालो त्यांना. एक सांगतो, तेही खुशामत म्हणून नाही. आमच्याकडे दुर्बीण आहे, पट्ट्या आहेत, दोन साहेब आहेत आणि तरी पन्नास फुटांत एकसारखा सव्वा फूट उतार कुठे खड्डा न पडता देणं आम्हाला जमत नाही. तुम्ही तो नुसत्या पायांनी दिलात. ज्या कामासाठी ते पाय आहेत ते काम त्यांनी चोख केलं. चूक कोणाची असेल तर जमीन पाहून न घेणाऱ्यांची. आणि तुमच्या त्या जमिनीनेच पोराचा हात इतका बारीक केला, हेही खरंच. सपाट जागा मिळाली तर तो हात चार आठवड्यांत सरळ होईल, असं मला वाटतं. कळायला मार्ग एकच, करून बघणे.

तुमच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं तर मला अन्न गोड लागेल.

बळीराम


पनवेल,
२५ नोव्हेंबर १९९०

ती. मामांस,

तुमचं पत्र वाचून दाखवलं, मागचीही दाखवली, आणि नळीने मोजल्याचं सगळं कबूल केलं. 'एकसारखा सव्वा फूट' ही ओळ बाबांनी पुन्हा वाचायला लावली.

सपाट जागा मिळाली. तोच नळीवाला गवंडी! खांदा कॉलनीत एका इमारतीच्या खाली गाड्या लावायचा स्लॅब तयार आहे, गाडी अजून कोणाकडेच नाही. दादा रोज पहाटे तिथे टप्पा टाकतो. मी समोर उभी राहून घेते, माझ्या मनगटाला सूज आलीय. पहिल्या आठवड्यात वीसपैकी दहा उजवीकडे. दुसऱ्यात सात. मग एकदम सगळंच बिघडलं, कुठेही जायला लागले, आणि दादाने बॉल भिंतीवर फेकला. म्हणाला, 'जुना हात गेला, नवा आला नाय.'

त्या दिवशी मागून आवाज आला, "पायाकरं बघ, पायाकरं." बाबा! खांबाआड उभे होते, कधीपासून कोण जाणे. गेली तीन वर्षं त्यांनी खेळ असा कधी बघितला नव्हता, फक्त जमीन बघितली. आता रोज येतात आणि प्रश्न विचारून भंडावून सोडतात. बघतो तिकरं नि बॉल इकरं कसा? पाच सेकंद धरला तं गुन्हा का? उंच पोऱ्या म्होरं उभा ऱ्हायला तं त्याच्या पायांमंदून का नाय टाकाचा? शेवटच्या प्रश्नावर दादा थबकला आणि दुसऱ्या दिवशी तसाच टाकून बघितला. गेला, मामा!

काल वीसपैकी चार चुकले. पुरे होतील की नाही ठाऊक नाही.

दाखल्याचा अर्ज बाबांनी आणून ट्रंकेत ठेवलाय. त्यावर नाव लिहिलेलं नाही. आई म्हणते, चाचणीची वाट कशाला बघता, पोराचं नाव घाला आणि मोकळे व्हा. बाबा 'बघू' म्हणतात.

माझं काय चाललंय म्हणून विचारलं होतंत. माझं काय असणार? बारावी आहे. आईने एक स्थळ बघून ठेवलंय, उरणकडचं. मी सध्या टप्पा झेलते.

दिपा


पनवेल,
१४ डिसेंबर १९९०

बलीराम,

मी काशिराम सांगताव, दिपा लिवते. मी बोलताव तसाच लिवाचा, सुदराचा नाय, असा तिला सांगलाय.

तुजी माफी पोचली. परत मागू नको, मना लाज वाटते. उत्तर द्याला उशीर झाला, कारन सांगासारखा काय नवता. आता हाय.

अकरा तारकेला मी मुंबईला गेलतो. त्या हालात जमीन लाकराची. मी चपला कारून हात लावला. एक दोरा उतार नाय. अशी जमीन मी जल्मात बघली नाय. तिकरं एक मानूस मना बोल्ला, बाबा, बाजूला व्हा, खेल सुरू व्हतो.

हरेशनं टप्पं अकरा टाकलं. मी बोटांवर मोजलं. दोन चुकलं, एक उजवीकरं, एक डावीकरं. डावीकरं गेला तवा मना बरा वाटला. म्हटला, ही चूक पोऱ्याची सोताची, माज्या मैदानाची नाय.

येताना बसमदी तो खिरकीशी बसला नाय, माज्या बाजूला बसला. मना बोल्ला, बाबा, नाय घेतला तरी मी खेलनार. बंदराव नाय जानार. मारा पायजे तं. मी का मारू? मी चालीस वर्सं माज्या कामाव गेलो, मना कोनी वडून नेला नवता.

काल यादी लागली. बारा पोरांत नाव नाय. राखीव दोन, त्यात ह्यो पयला. शिबिराला बोलावलाय. कोनाचा पाय मुरगलला तं ह्यो जानार. त्याची आय बोलते, दुसऱ्याचा पाय मुरगलाची वाट बघाची म्हंजे काय नोकरी झाली? बरोबर हाय तिचा. पन तो खूश हाय. रातचा जेवला पोटभर.

आता दाखल्याचा. यादी लागाच्या आदल्या दिवशीच मी कचेरीत जाऊन अर्ज देऊन आलो. घरात कोनाला सांगला नाय, तुलाच पयला सांगताव.

दाखला आला तवापासून आमच्या घरात एकच नाव, हरेश. मी बी तेच घेत व्हतो. मना दोन पोरं हायत, ह्ये माज्या ध्यानातच नाय आला. बलीराम, त्या मैदानाव सर उबं ऱ्हायलं, पोरं खेललीं, गाव येऊन गेला. समदी बोल्ली, काशिराम, झकास. एकीनं नली लावून मोजला. तीनदा मोजला. आन बापाला लागल म्हून धा-बारा दिस पोटात ठेवला. तू तिला तुज्या जागी बसवतो बोल्लास ना, मंग मी का नको? बंदराव रोज माल मोजतात, तोलतात. तिकरं खरा मोजनारा मानूस पायजे.

तिच्या आयशीला मी समजावतो. उरनवाल्यांना सांगाचा, थांबाचा आसल तं थांबा, नाय तं दुसरी बघा. बारावी तिला करूनच जाऊ दे, ट्रेनिंगचा साहेब बोल्ला परीक्षेला सुट्टी गावल.

ट्रंकेतून तिचा धावीचा दाखला मीच नेला. उद्या शेवटचा दिस, सई कराला दोगांना बोलावलाय. अर्जाव मी नाव घातलाय

(मामा, इथे मी थांबले. अक्षर दिसत नाहीये, कागद ओला झालाय. बाबा समोर बसलेत. विचारतात, "का गो थांबलीस? सोताचा नाव लिवता येत नाय का?")

दिपा काशिराम घरत.